तेविसावी तुळई

२०२१ सालचा ऑगस्ट. दोहाबाहेरच्या शेडमध्ये वलीने हातातला रंधा खाली ठेवला आणि तुळईच्या टोकावरच्या ओरखड्यांवरून अंगठा फिरवला.

"यल्ला, चला चाचा! घासून काढा ते डाग," शौनक म्हणाला. नाशिकचा हा इंजिनिअर वलीहून तीस वर्षांनी लहान.

"डाग नव्हेत साहेब. खुणा आहेत."

इंग्लंडातल्या एका खेड्यातली साडेतीनशे वर्षांची सराय दोह्यातल्या हॉटेलवाल्यांनी विकत घेतली होती. इथे पुन्हा उभारायला सगळा सांगाडा सुटा करून कंटेनरांतून आणला. पण बंदरावरच्या उन्हात डिंक वितळला आणि नंबरांच्या चिठ्ठ्या गळून पडल्या. आता तेवीस तुळया, शेकडो वासे नुसते ढिगाने पडलेले. कोण कुणाच्या शेजारचं, कुणालाच ठाऊक नाही.

वलीने दुसऱ्या लाकडाचं टोक जवळ ओढलं.

"हे बघा. तिथे दोन उभ्या रेघा, एक तिरकी. इथेही तीच. आमच्या राजापुराकडे छप्पर आधी जमिनीवर जुळवतात, सांध्याच्या दोन्ही अंगांना पटाशीने सारखी खूण करतात, मग सोडवून वर चढवतात. तिकडचे सुतारही आमच्यातलेच निघाले म्हणायचे!"

शौनकने घासकागद खिशात घातला.

अडतीस वर्षं वली कतारमध्ये शटरिंगचा सुतार होता. काँक्रीट धरलं की सुताराचं लाकूड उखडून फेकायचं, हाच त्या धंद्याचा रिवाज. अर्धं दोहा त्याच्या फळ्यांत ओतलं गेलं, पण दाखवायला एक फळी उरली नव्हती. डिसेंबरात तो कायमचा गावी जाणार होता. त्याआधी एकदा तरी बायकोला, रुकैयाला, बोट दाखवून म्हणायचं होतं, हे माझं.

खुणा जुळवत सराय उभी राहिली. तेविसावी तुळई तेवढी किडीने पोखरलेली निघाली. वलीने ती नवी घडवली, जुनी दिसावी म्हणून लोखंडाचा कीस भिजवलेल्या व्हिनेगरने काळवंडवली, आणि एकही खिळा न मारता लाकडी खुंट्यांवर बसवली. लाकूड अस्सल जुनं आहे का ते तपासायला आलेला इंग्रज तज्ज्ञ सगळ्या तुळया ठोकून पाहून गेला.

उद्घाटनाच्या आदल्या दिवशी शौनकने गावाहून आलेल्या रुकैयासाठी पास काढला आणि दोघांना सराय दाखवायला आणलं. दारातली पितळी पाटी वाचून त्याचा चेहरा उतरला.

"काय लिहिलंय?" वलीने विचारलं.

"इथलं एकूण एक लाकूड साडेतीनशे वर्षांचं आहे म्हणे. चाचा, मी बदलायला लावतो ही पाटी."

"त्या इंग्रजाने माझी तुळई ठोकून पाहिली होती?"

"पाहिली की."

"काय म्हणाला?"

"काहीच नाही."

"मग खलास. राहू दे पाटी."

"अहो, पण तुमची कुठली?" रुकैयाने विचारलं.

वलीने बोट उचललं, आणि तसंच खाली घेतलं.

"तूच शोध."

मान वर करून ती सावकाश फिरली. कोपऱ्यातल्या एका सांध्याखाली थांबली. तीन उभ्या रेघा आणि खाली एक ठिपका.

"तुम्ही घडवलेल्या आपल्या पाळण्यावर आहे ती खूण," ती म्हणाली, आणि पदर सावरून ताठ उभी राहिली.

शौनक आता कतारमधल्याच रास लफानला असतो. जुनं काही घासायच्या आधी दोनदा बघतो. वली राजापुरात पडवीत बसून नातवंडांना खेळणी करून देतो. आणि आखातात एवढी वर्षं काय केलंत असं कुणी विचारलं, तर त्याच्याआधी रुकैयाच सांगते, "तिथे आमची एक तुळई आहे. साडेतीनशे वर्षांची."