त्यांच्या कापडाचा करार

वहिनी शर्टाच्या कारखान्यात कॉलर बसवायची आणि तिचा दीर, ज्याला सगळे धाकटाच म्हणत, शेजारच्या गिरणीत कापड विणायचा. गिरणीचं कापड कारखान्यात यायचं आणि शर्ट होऊन बोटीने परदेशी जायचं. नवरा गेल्यापासून घरात हे दोघंच होते. "तू विणतोस, मी शिवते, आणि मिरवतो तिसराच," ती हसून म्हणायची.

शर्ट ज्या देशात जायचे त्या देशाशी करार झाला, त्या दिवशी कारखान्यात मिठाई वाटली. मॅनेजर स्टुलावर चढून म्हणाला, "आता तिकडे आपल्या शर्टावर कर नाही! काम एवढं येईल की हात कमी पडतील." वहिनीने एक तुकडा रुमालात बांधून घरी आणला.

"कर माफ, पण कुठल्या कापडाच्या शर्टावर?" धाकट्याने विचारलं.

"कापड ते कापड. तुला दुधातही खडा लागतो."

पण खडा होताच. माफी होती ती फक्त त्या देशातल्या कापडाच्या शर्टांना. थोड्याच दिवसांत तिकडचे तागे बोटीने येऊ लागले. गिरणीचे निम्मे माग थांबले, मग सगळेच. इकडे कारखान्यात दुसरी पाळी सुरू झाली आणि वहिनी सुपरवायझर झाली. बढतीची बातमी तिने घरी दबक्या आवाजात सांगितली. धाकटा म्हणाला, "चांगलं झालं," आणि ताटावरून उठला.

शेवटी तिने मॅनेजरपाशी शब्द टाकला. धाकट्याला हमालीचं काम मिळालं: तेच परदेशी तागे गोदामातून कापणीच्या टेबलापर्यंत आणायचे. पहिल्याच दिवशी त्याने कापड दोन बोटांत चोळून पाहिलं.

"कसं आहे?" वहिनीने विचारलं.

"चांगलं आहे. वाईट असतं तर बरं वाटलं असतं."

काही वर्षांनी त्या देशाने तसाच करार आणखी एका देशाशी केला. तिथे मजुरी इथल्याहून कमी. मॅनेजरने वहिनीला बोलावलं. मालक त्या नव्या देशात कारखाना काढणार होता, म्हणून तिथल्या काही मुली इथे शिकायला येणार होत्या.

"वाकडी कॉलर लावायला शिकव त्यांना," धाकटा म्हणाला.

वहिनीच्याही मनात तेच होतं. पण पहिल्याच मुलीने घाबरून बोटात सुई घुसवून घेतली, आणि वहिनीने तिचं बोट चिंधीने बांधलं, तिच्यामागे उभं राहून तिचे हात धरले आणि कॉलर सरळ बसवून घेतली. दुभाष्यामार्फत तिने विचारलं, "घरी कोण असतं?"

"भाऊ. तो गिरणीत विणायचा."

'विणायचा' हा शब्द ऐकून वहिनीने दुसरी कॉलर तिच्यासमोर ठेवली. त्या मुली जाईपर्यंत तिने त्यांना येत होतं ते सगळं शिकवलं.

पावसाळा संपता संपता कारखाना बंद झाला. मशीन्स कंटेनरमध्ये चढवायला हमाल हवे होते. धाकट्याने ते काम घेतलं. वहिनी फाटकाशी उभी राहिली. बायका रडत होत्या. तिला रडू आलं नाही. राग कोणावर काढावा, हेच तिला कळत नव्हतं.

आता ती दारात जुनं मशीन टाकून बसते. आसपासच्या बऱ्याच दारांत अशीच मशीन्स आहेत, त्यामुळे शिवायला येतं कोण? धाकटा सकाळी बंदरावर जातो आणि बहुतेक दिवशी दुपारच्या आतच परत येतो.

"काही मिळालं?" ती विचारते.

"नाही. तुझ्याकडे कोणी?"

"नाही."