जगदेव सर खाली कसे बसले

मित्रांनो, मी एक जुनी खुर्ची आहे, आणि सहावी-सातवीचा गावनकाशा माझ्यामुळे पूर्ण झाला. छे, हे उगाच तोंडातून निसटलं; तसं काही झालं नाही. नकाशा वगैरे काही नाहीच. जगदेव सर अजून माझ्यावरच बसतात. आपण माझ्या जन्मापासून सुरुवात करू.

मी सागवानाची. वाशीमच्या एका सुताराने मला घडवलं आणि माझ्या पाठीवर थाप मारून म्हणाला, "हे काही मोडत नाही." मग बसच्या टपावरून मी अनसिंगच्या बाजूच्या एका खेड्यातल्या शाळेत आले. सर माझ्यावर बसून शिकवत, वह्या तपासत, डुलक्या घेत. मधल्या सुट्टीत पोरं चोरून माझ्यावर बसत आणि एकमेकांना अंगठे धरायला लावत. केवढा तो मान!

शाळेत एक सतरंजीही आहे. तिला पाय नाहीत, तरी ती बारशाला जाते, ग्रामसभेला जाते, एकदा तर मतदान केंद्रावर मुक्काम करून आली. मला चार पाय आहेत आणि मी धड व्हरांडासुद्धा पाहिलेला नाही. ती परत येते तेव्हा तिच्या अंगाला जिलेबीचा वास असतो. मित्रांनो, मला मत्सर वाटत नाही. फक्त तिला कसर लागावी एवढंच वाटतं.

सरांकडे सहावी. यंदा सातवीला वैजयंती मॅडम आल्या. दोन्ही वर्गांनी मिळून गावच्या पाण्याचा नकाशा करायचा आणि शनिवारी पालकांना दाखवायचा, असं त्यांनी सरांशी ठरवलं. नकाशाचा कागद सतरंजीवर पसरला, सोबत चिकटवायला विहीर-देवळाची कापलेली चित्रं. मॅडम तिच्यावरच पोरांमध्ये मांडी घालून बसल्या.

"मॅडम, नाला कसा काढाचा?" सातवीच्या सुकेशनीने विचारलं.

"मले नाही येत. तुमीच सांगा."

शिकवणाऱ्या बाईला येत नाही! आणि पोरं जोमाने सांगायला लागली. मला फार वाईट वाटलं.

सर मात्र माझ्यावर बसून समोरून हुकूम सोडत होते. सरांचा डावा हात म्हणजे पोरांचा उजवा, हे त्यांच्या गावीही नव्हतं.

"विहीर डाव्या हाताले चिकटव!"

"सर, ते मारोतीच्या देवळात जाऊन राह्यली," सुकेशनी म्हणाली.

"मंग देऊळ हालव!"

देऊळ नाल्यात गेलं. नाला ग्रामपंचायतीत शिरला. सातवीची पोरं हसली, सहावीची चिडली. "तुमच्याच वर्गानं बिघडवलं!" म्हणत दोन्हीकडून ओढाओढ सुरू झाली. नकाशा आता फाटतो की काय, असं झालं.

मॅडम हसल्या नाहीत. "सर, जरा इकडून येऊन पाहता का? मलेही समजून नाही राह्यलं."

"मी खालतं बसू? कायले? माहा वर्ग अलग नकाशा करीन!" असं म्हणत सर तावातावाने उठले.

मला वाटलं, चालले सतरंजीकडे. माझ्या बैठकीला एक वर आलेला खिळा आहे. त्याने मी सरांची पँट धरली. प्रेमाने. टर्रर्र!

सर समोरच मटकन बसले, म्हणजे सतरंजीवरच. शाळा सुटेपर्यंत त्यांना उठता येणार नव्हतं.

मॅडमना कळलं, आणि त्यांनी ते कोणालाच कळू दिलं नाही. "पोरंहो, सरांच्या मांगं बसू नका, उजेड अडते," एवढंच म्हणाल्या आणि सरांच्या हातात स्केचपेन दिला. "नावं तुमच्याच अक्षरात पाह्यजेत, सर."

जाता येत नाही म्हणून पोरं कोणत्या हाताला डावा म्हणतात, ते सर ऐकायला लागले. थोड्या वेळाने म्हणाले, "अरे बाप! म्या तर सारं गावच उलटं केलं." मग सरच पहिले हसले. शनिवारी भिंतीवर एकच नकाशा लागला.

सरांची पँट तेव्हाच शिवून झाली, तरी ते रोज सतरंजीवरच बसतात. माझ्यावर आता रंगाचे डबे असतात.

मित्रांनो, मिळून काम करायचं तर शिक्षकाला खाली बसता यावं, 'मले नाही येत' म्हणता यावं आणि सोबत्याची फाटकी बाजू झाकता यावी. हे मला पटलं आहे. आवडलेलं नाही.

तरी मा. शिक्षणाधिकारी साहेबांना नम्र विनंती की, सदर सतरंजीची प्रशासकीय कारणास्तव तात्काळ दुर्गम भागात बदली करण्यात यावी. तसेच पोरांत मिसळणे, त्यांचे ऐकणे व स्वतःची चूक कबूल करणे ही सर्व कामे शिक्षकांनी यापुढे खुर्चीत बसूनच पार पाडावीत, असा आदेश निर्गमित व्हावा.