बुधरीचा दगड

"दीदी, तुम्ही फक्त चला. गावासमोर एवढंच सांगा, माझी आई मुखबीर नव्हती, पोलिसांची खबरी नव्हती." सुकमतीनं कमलाचे दोन्ही हात धरले.

सुकमती सरहद्दीवरच्या जंगलातून आली होती. महाराष्ट्रातल्या आश्रमशाळेत शिकल्यामुळे मराठी बोलायची. रायपूरच्या गुढियारीत दारोदार विचारत ती रिटायर्ड नर्सबाईंचं, म्हणजे कमलाचं, घर शोधून आली होती.

जंगलातल्या लढाईच्या वर्षांत कमलाची नोकरी त्याच गावात होती. लसीचा डबा खांद्याला लावलेल्या बाईला कोण अडवणार? बंदूकवाले कुठल्या पाड्यावर मुक्कामाला आहेत, ते ती बघून यायची आणि बाजाराच्या दिवशी पोलिसांच्या माणसाला सांगायची. देशाचं काम म्हणून साहेबांनी पाठ थोपटली होती, आणि तिलाही तेव्हा त्याचा केवढा अभिमान! एकदा तिच्या खबरीवर गावचीच पोरं मारली गेली. मग बंदूकवाल्यांनी मुखबीर शोधला आणि उचलून नेऊन मारलं कुणाला, तर बुधरी दाईला, सुकमतीच्या आईला. का, तर ती नर्सबाईसोबत सगळीकडे हिंडायची. त्या बिचारीला कशाचाच पत्ता नव्हता. कमलानं महिन्याच्या आत रायपूरला बदली करून घेतली.

"आमच्यात मेलेल्याच्या नावानं दगड उभा करतात," सुकमती सांगत होती. "आईचा नाही करू दिला. आता लढाई संपली, तर म्हणतात, नर्सदीदी बोलली तर मानू."

"तिचे गुडघे गेले वो बाई. नाही येऊ शकत," आतून गुलाबराव म्हणाले. कमलाच्या नवऱ्याला सगळं ठाऊक होतं.

"मग फोनवर सांगा. गावचा मुखिया, पटेल, तिथंच आहे, मी लावून देते."

एक वाक्य बोलायचं होतं. पण त्यामागून लगेच प्रश्न येणार होता, मग कोण होतं? त्या पोरांच्या आया अजून जिवंत होत्या. कमलानं तोंड उघडलं आणि निघालं भलतंच.

"मले काय माहीत, पोरी? मी टोचून वापस जायची. मागं ती काय करून राहिली होती, मले कसं ठाऊक?"

बोलली आणि तिला स्वतःचीच किळस आली. शब्द मागे घ्यायला अजून वेळ होता. तिनं घेतले नाहीत.

सुकमतीनं फोन पिशवीत टाकला.

"म्हणजे गाव खरं बोलत होतं," ती हळूच म्हणाली. "आईनं मला तरी सांगायला पाहिजे होतं."

तिनं पदर सावरला, वाकून कमलाच्या पाया पडली आणि बसस्टँडला जायला ऑटो कुठे मिळेल, ते विचारलं.