चुंबकाला चिकटलेला मॅनिफोल्ड

मी एक जुना मॅनिफोल्ड आहे. मित्रांनो, नाव ऐकून घाबरू नका. इंजिनातून निघणारा जळजळीत धूर चार तोंडांनी गोळा करायचा आणि सायलेन्सरकडे धाडायचा, एवढंच माझं काम. माझं पोलाद स्टेनलेस जातीचं, त्यात नायोबियम नावाचा धातू मिसळलेला. शंभर किलोत जेमतेम अर्धा किलो, पण त्याच्याच जिवावर मी तापून लाल झालो तरी वाकत नसे.

नऊ वर्षं मी एका रुग्णवाहिकेत राबलो. ती चालवणाऱ्या बाईंना सगळे अक्का म्हणत. घाट चढून आलं की बॉनेट थोपटून त्या म्हणायच्या, "शाब्बास रे माझ्या राजा!" हे कौतुक इंजिनाचं असे, पण माझा वाटा मी गुपचूप घेत असे.

एके दिवशी फटफट आवाज येऊ लागला. दोष माझा जोड घट्ट मिटवणाऱ्या पातळ गॅस्केटचा होता, फाटली होती बिचारी. गॅरेजवाल्या उस्तादांनी मात्र मलाच उतरवलं आणि खिशातलं चुंबक लावलं. मी टचकन चिकटलो.

"अक्का, फसवलं तुम्हाला! खरं स्टेनलेस कधी चुंबकाला चिकटतं का? हे साधं लोखंड आहे."

"अहो, पण नऊ वर्षांत एक तडा गेला नाही त्याला."

"नशीब समजा. पेशंट घेऊन फिरता, उगाच विषाची परीक्षा कशाला?"

मित्रांनो, माझ्या जातीचं स्टेनलेस चिकटतंच! मला ओरडून सांगायचं होतं, पण तोंडं चार असून एकानेही बोलता येत नाही. माझ्या जागी न चिकटणारा, चकचकीत मॅनिफोल्ड बसला. दिसायला देखणा, पण तापला की फार फुगणारा आणि निवला की तेवढाच आकसणारा. रोजची ही ओढाताण त्याला सोसणार नाही, हे मला कळत होतं. उस्ताद वाईट नव्हते हो, त्यांनी अगदी मनापासून चूक केली.

पाच महिने मी गॅरेजच्या कोपऱ्यात धूळ खात पडून होतो. मग माझी रवानगी भंगारवाल्याच्या टेम्पोत झाली. टेम्पो घाटाला लागला आणि अर्ध्या चढावर अक्का हात करताना दिसल्या. नवा मॅनिफोल्ड तडकला होता, निसटलेल्या धगीने वायरी जळाल्या होत्या आणि गाडी जागची हलत नव्हती. आत सात-आठ वर्षांची मुलगी धापा टाकत होती.

भंगारवाल्याने लगेच टेम्पो थांबवला. पत्रे सारून त्याने जागा केली. अक्का मुलीला मांडीवर घेऊन माझ्याशेजारीच बसल्या. तिचे वडील ऑक्सिजनचा सिलिंडर कवटाळून होते.

"अक्का... आलं का?"

"आलंच, बाळा. हे वळण गेलं की आलंच."

वळणं अजून सात होती. मला ती पाठ होती. मी तिच्यापासून वीतभर अंतरावर होतो, धडधाकट, आणि तिच्या काडीच्या उपयोगाचा नव्हतो.

दवाखान्याच्या फाटकाशी त्यांना उतरवून टेम्पो भट्टीच्या वाटेला लागला. मित्रांनो, वस्तू असो की माणूस, एका खुणेवरून त्याला टाकून देऊ नका. त्याने आजवर केलेलं काम आधी बघा. माझं काय, मी वितळेन आणि पुन्हा काहीतरी होईन. त्या मुलीला आत नेताना तिचा हात स्ट्रेचरवरून खाली लोंबत होता. तो हलला की नाही, हे मला दिसलं नाही.