कागदावरची आई

पेटी आली तेव्हा गावप्रमुख साकुमासाहेब काळा विलायती कोट घालून माझ्या दारात उभे होते. पायात मात्र गवताच्याच चपला. हल्ली आमच्या सगळ्यांचं असंच झालंय, वरून टोकियो आणि खालून चिखल.

"शिमेआजी, तुमचा मुलगा देशाच्या कामी आला," ते म्हणाले. "गुरुवारी शाळेच्या मैदानात समारंभ. तोवर पेटी देवघरात ठेवा आणि उघडू नका. आत काय काय आहे त्याची यादी माझ्याकडे आहे."

पांढऱ्या कापडात गुंडाळलेली लाकडी पेटी दोन्ही हातांनी घेतली. वजन कसलं ते नव्हतंच. वर नाव लिहिलेलं, तोगाशी कुमाजिरो. तोगाशी हे माझ्या नवऱ्याचं आडनाव. कुमाजिरोला मात्र मी जन्म दिला नव्हता, वाढवलंही नव्हतं.

ही एकोणीस वर्षांपूर्वीची गोष्ट. सरकारने फौजेची सक्ती केली होती आणि त्यात एकच पळवाट ठेवली होती. म्हाताऱ्या, बिनवारस घराचा दत्तक मुलगा असेल तर तो सुटायचा. पूर्वीच्या राजाची माणसं येऊन तांदूळ न्यायची, या नव्या सरकारची माणसं पोरंच न्यायला लागली. मग धाकट्या पोरांना दत्तक देण्याची घाईच उडाली. आम्हाला मूल नव्हतं आणि माझा नवरा योहेई साठीला टेकला होता. घाटापलीकडची तोमे मुरोई आपल्या अकरा वर्षांच्या दुसऱ्या मुलाचं नाव आमच्या घराच्या सरकारी नोंदीत घालायला आली. पोरगा राहणार तिच्याकडेच, आमच्याकडे फक्त कागद. योहेई म्हणाला, "कागदाला काय खायला लागतं?" आणि शिक्का मारला.

तीन वर्षांत सरकारने पळवाट बुजवली. नाव परत फिरवायचं म्हणेपर्यंत योहेई वारला, आणि पोरगा कागदोपत्री आमच्या घरचा कर्ता झाला. कर्त्याचं नाव घराच्या नोंदीतून काढता येत नाही, असा कायदा. तोमेचं पोर माझ्या नावावर अडकलं ते अडकलंच. विसाव्या वर्षी फौजेत गेला, सुटून आला, आणि रशियाशी लढाई लागल्यावर त्याला पुन्हा बोलावलं. तेव्हा तो एकोणतीस वर्षांचा होता.

दर नव्या वर्षाला आणि पितरांच्या सणाला तो घाट उतरून माझ्याकडे यायचा. दारातूनच ओरडायचा, "कागदावरच्या आई, चूल पेटलीय का?" लाकडं फोडायचा, छपराचं गवत नीट करायचा, खारवलेला मुळा खाऊन परत जायचा. वर्षातून चारपाच दिवस. खोटं कशाला बोलू, बाकीचे दिवस मी त्या चारपाच दिवसांवर काढत होते.

तो गेल्याचं पत्र थंडीतच आलं होतं. रशियाचं पोर्ट आर्थर आपल्या फौजेने जिंकलं म्हणून गावात कंदिलांची मिरवणूक निघाली, त्याच आठवड्यात. पत्र माझ्याकडे आलं, कारण नोंदीत आई मी. तोमेला कळवायचं असं कुठल्याच कायद्यात नव्हतं. बर्फाने घाट बंद होता हे खरं. पण माझी जीभही बंद होती. आता बर्फ वितळलं आणि माझी सबब संपली.

दुसऱ्या दिवशी पेटी पाठीवर बांधून निघाले. अडुसष्ट वर्षांच्या गुडघ्यांना घाट म्हणजे शिक्षाच. वाटेत तीनदा बसले, आणि तिन्ही वेळा मनात आलं की परत फिरावं. हा आपल्याकडेच राहू दे. आपल्या थडग्यात, आपल्या नावाने. तिला आणखी दोन मुलं आहेत, मला कोण आहे? या विचाराची मला लाज वाटली, पण तो जाईना. तरी चालत राहिले.

तोमे अंगणात रेशमाच्या किड्यांच्या टोपल्या घासत होती.

"शिमेताई! एवढा घाट चढून? आणि पाठीवर काय आणलंत, मुळे?"

मी पेटी ओटीवर ठेवली. पांढरं कापड बघून तिचा हात थांबला.

"कुमाजिरो," मी म्हटलं.

तिने कमरेला बांधलेल्या फडक्याने हात पुसले, अगदी सावकाश, एकेक बोट. "काय लिहिलंय त्यावर? मला वाचता येत नाही."

"तोगाशी कुमाजिरो."

"तोगाशी," ती म्हणाली. "म्हणजे तुमचा."

"तोमे, अगं..."

"आमचं आडनाव मुरोई. माझा कुमा यायचाय अजून. भाताची लावणी होईतो येतो म्हणून कळवलंय त्याने." मग ती माझ्यासमोर गुडघे टेकून, कपाळ ओटीवरच्या चटईला लागेपर्यंत वाकली. "तुमचा गेला, ताई. फार वाईट झालं. एकुलता एक होता."

मला वाटलं ती टोमणा मारतेय. टोमणा असता तर बरं झालं असतं. तिच्या चेहऱ्यावर टोमणा नव्हता.

तिनेच पेटी उघडली. केसांची एक बट, कागदात बांधलेलं एक हाड, आणि निळ्या कापडाची ताइताची पिशवी. पिशवी तिने उजेडात धरली. "ही शिवण बघा, किती ओबडधोबड. मी असं शिवते का?"

"नाही," मी म्हटलं. दुसरं काय म्हणणार?

"रिकाम्या पोटी जाऊ नका." तिने माझ्यापुढे गरम सूप आणि बाजरीचा भात ठेवला, आणि पेटी आतल्या खोलीत नेली. मी जेवले. आतून कसलाच आवाज आला नाही. बऱ्याच वेळाने ती पेटी घेऊन बाहेर आली, कापडाची गाठ नव्याने, घट्ट बांधलेली. ती तिने स्वतःच माझ्या पाठीवर चढवली.

"सांभाळून न्या," ती म्हणाली. "उताराला त्याला धक्का लागू देऊ नका."

गुरुवारी मैदानात झेंडे होते, शाळेची मुलं गात होती. साकुमासाहेबांनी यादी काढून पेटी तपासली. "केस, आहेत. अस्थी, आहेत. ताइताची पिशवी..." त्यांनी पुन्हा आत बघितलं. "पिशवी कुठेय, आजी?"

मलाही तेव्हाच कळलं.

"त्याच्या आईकडे," मी म्हटलं.

साकुमासाहेब माझ्याकडे बघत राहिले. एकोणीस वर्षांपूर्वी तो दत्तकाचा कागद लिहिणारा कारकून तेच होते. त्यांनी एकदा घाटाकडे बघितलं, मग पेन्सिल काढून यादीतली ती ओळ खोडली.

मग कोट सारखा करून त्यांनी मोठ्याने पुकारलं, "वीरमातेने पुढे यावं."

मी फार थकले होते. पण घाटापलीकडे तोमे भाताच्या लावणीची वाट बघत बसली होती, आणि पोरासाठी चारचौघांत रडायला कुणीतरी हवं होतं. मी उठले.