टाकीची चौथी पायरी

चर्चच्या मंडळीत त्यांना सगळे हेडमास्तर म्हणत. जन्मभर कुलपं दुरुस्त केली, शाळेत एक तासही शिकवलं नाही. पण बाप्तिस्म्याला येणाऱ्यांची परीक्षा तेच घेत आणि भल्याभल्यांना घाम फोडत. मागच्या खोलीत समोर बसवायचं नि चष्म्यावरून बघत विचारायचं, "तुझा नवा जन्म झालाय का?" उत्तर पोपटपंची वाटलं की पुढच्या वर्षी या!

यंदा समोर त्यांचीच नात होती.

"झालाय असं वाटतं," ती म्हणाली. "पण आजोबा, मला पाण्याची भीती वाटते. तुम्हाला वाटली होती?"

"छे!" ते म्हणाले, आणि तिची नजर टाळून चष्मा पुसू लागले.

कारण हेडमास्तर त्या पाण्यात कधी उतरलेच नव्हते. सोळाव्या वर्षी, ऐन बाप्तिस्म्याच्या सकाळी, पाण्याच्या धास्तीने त्यांची गाळण उडाली. थोरल्या भावाचा बाप्तिस्मा आदल्या वर्षीच झालेला. त्याने यांचा पांढरा झगा चढवला आणि यांच्या जागी पुन्हा बुडी मारून आला. दोघांचा चेहरामोहरा एक, तेव्हाच्या पाळकांची नजर अधू. घरी जाताना दोघे पोट धरून हसले होते. भाऊ जाऊन आता बारा वर्षं झाली. यांच्या नावाचा बाप्तिस्म्याचा दाखला घरी बाहेरच्या खोलीत चौकटीत टांगलेला आहे.

नुसतं पाणीच तर, अशी त्यांनी इतकी वर्षं मनाची समजूत घातली. पण शनिवारी व्यासपीठाखालची बाप्तिस्म्याची टाकी घासताना ती समजूत पुरेना. टाकीला चार पायऱ्या. ते नेहमी तिसरीवर उभे राहून लांब दांड्याच्या ब्रशने तळ घासत. लोकांना वाटे, गुडघे दुखतात. टाकी कोरडी असतानाही ते चौथीवर कधी गेले नव्हते. आज त्यांना कळलं, हुकलं ते नुसतं पाणी नव्हे. त्या पाण्यात आपल्यातल्या ज्या जुन्या माणसाने मरायचं होतं तो मेलाच नाही. तोच मोठा झाला, तोच दुसऱ्यांना नापास करत बसला. उद्या देवाने समोर बसवून तोच प्रश्न विचारला तर?

रविवारी नात तिसऱ्या पायरीवर येऊन थिजली. पाळक छातीभर पाण्यात हात पुढे करून उभे होते. तिने कठडा गच्च धरला.

"आजोबा, सांगा ना, काही होत नाही म्हणून."

सगळी मंडळी त्यांच्याकडे वळली. पहिल्या रांगेतून बायकोने खुणावलं, बोला की. तीन शब्द बोलून सुटता आलं असतं.

"मला माहीत नाही, बाळा," ते म्हणाले. "मी कधी गेलोच नाही. माझ्या जागी दादा गेला होता."

बायकोचा हात तोंडावर गेला. पाळकांनी हळूच विचारलं, "काका, आणि नवा जन्म? तो झालाय?"

"नाही." हेडमास्तरांचा आवाज चिरकला. "हवाय. पण फार भीती वाटते."

असं उत्तर देणाऱ्या कितीजणांना त्यांनी परत पाठवलं होतं! पाळकांनी पुढे केलेला हात मागे घेतला नाही. नातीनेही एक हात कठड्यावरून सोडवून आजोबांपुढे धरला.

"या मग," ती म्हणाली. "दोघं जाऊ."

बूट काढायचंही त्यांना सुचलं नाही. पहिली, दुसरी, तिसरी. तिथे पाय अडला. पाणी गार होतं, आणि वर्षानुवर्षं स्वतः घासलेला तळ त्यांना दिसत नव्हता. मग त्यांनी कठडा सोडला.