ताईंची गाडी

आमच्या खोलीला खिडकी नाही. त्याऐवजी भिंतभर पडदे आहेत आणि त्यांत गावातले सगळे मोठे चौक दिसतात. कोण सिग्नल तोडतं, कोण उलट्या बाजूने घुसतं, कोण दुचाकीवर तिघांना कोंबून हाणतं, ते बघायचं हे माझं काम. कॅमेरा नंबर टिपतो, फोटो माझ्यासमोर येतो आणि फोटोखाली दोन बटणं असतात, 'दंड' आणि 'वगळा'. 'वगळा' हे रुग्णवाहिका, अग्निशामक बंब अशा गाड्यांसाठी ठेवलेली सोय आहे. आता सोय म्हटली की ती आणखी कुणाकुणाच्या उपयोगी पडते, हे मी वेगळं सांगायला नको.

चौकात उभे राहणारे हवालदार आणि वर बसणारे आम्ही, यांच्यात एक न बोललेला करार आहे. ते झाडाखाली मोबाइल बघत बसले किंवा एखाद्या टेम्पोवाल्याशी जरा जास्तच गोड बोलायला लागले की आम्ही दुसऱ्या पडद्याकडे बघायचं. त्याबदल्यात आमच्या घरच्या गाड्या त्यांना दिसत नाहीत. चुकून कुणी नवख्याने अडवलीच, तर वरून फोन जातो. नंबर सांगितला की गाडी सुटते, पुढचं वाक्यसुद्धा बोलावं लागत नाही. लाज नाही वाटायची का, असं कुणी विचारेल. नाही वाटायची. उलट आपली माणसं किती सांभाळून घेतात, असं कौतुकच वाटायचं.

गाडी माझ्या नावावर आहे, पण मला चालवता येत नाही. नवरा बाहेरगावी नोकरीला, म्हणून किल्ली धाकट्या दिरांकडे. भाऊजी माणूस लाघवी. सासूबाईंची औषधं आणणं, आमच्या चिंगीला शाळेतून घरी सोडणं, सगळं न सांगता करतात. फक्त स्टिअरिंग हातात आलं की त्यांच्या अंगात येतं. कुणी पुढे गेलेलं खपत नाही. मी घरी एकदोनदा बोललेही होते, पण असं बोलणं जेवताना होतं आणि हात धुतले की संपतं.

त्या दिवशी दुपारी घड्याळाच्या चौकातून एक काळी गाडी लाल दिवा तोडून सुटली आणि तिच्या मागोमाग आमची रुपेरी गाडी. फोटो समोर आला, नंबर ओळखीचा, माझं बोट सवयीने 'वगळा'वर गेलं. दाबलंसुद्धा. फोटो पुसला जायच्या आत मला पुढची सीट दिसली.

चिंगी सीटवर गुडघे टेकून उभी होती. पट्टा नाही. कमरेपासून वरची सगळी खिडकीबाहेर, केस उडालेले आणि एक हात वर, थेट कॅमेऱ्याकडे.

पोर मला हाका मारतेय, वाचव म्हणतेय, एवढंच माझ्या डोक्यात आलं.

मी भाऊजींना फोन लावला. बाईमाणसाने घाबरून जे करायचं तेच केलं, आणि तीच घोडचूक झाली. पुढच्या पडद्यावर आमची गाडी आली तेव्हा त्यांचा एक हात कानाशी होता. "बोला वहिनी," त्यांचा आवाज, मागे हॉर्न. गाडी हेलकावली, दुभाजकाला घासता घासता राहिली. मी झटकन फोन कापला. तर त्यांनी उलटा फोन लावला! माझ्या हातात फोन थरथरतोय, त्यावर त्यांचं नाव, आणि समोर पडद्यावर ते खाली मान घालून फोनकडे बघताहेत. उचलावा तर ते बोलत बसणार, न उचलावा तर पुन्हा लावणार. मी फोन बंदच करून टाकला आणि टेबलावरचा ऑफिसचा उचलला.

पुढे पाण्याच्या टाकीचा चौक. तिथे आमचे मिशीवाले हवालदार. भला माणूस, माझ्याशी कायम अदबीने बोलणारा. पडद्यावर दिसत होतं, त्यांनी एका स्कूटरवाल्याला धरलं होतं. बिचाऱ्याचं चाक पांढऱ्या पट्टीच्या जरा पुढे आलेलं. तो कागद हातात घेऊन, हेल्मेट काखेत मारून उभा होता.

"मामा, मी कॅमेरा रूममधून," मी म्हणाले आणि गाडीचा नंबर सांगितला. "ती येतेय तुमच्याकडे, ती..."

"कळलं ताई, कळलं!" आणि फोन बंद.

मी पुन्हा लावला. फोन खिशात गेला होता आणि मामा रस्त्याच्या मधोमध. त्यांनी डाव्या बाजूची बस थांबवली, उजव्या बाजूचे टेम्पो थांबवले, भर लाल दिव्यात दोन्ही हात पसरून आमच्या गाडीला वाट करून दिली. भाऊजींनी वेग कमी केला होता, तो पुन्हा वाढवला. चिंगीने त्या चौकातही हात वर केला. गाडी सुसाट निघून गेली आणि मिशीवाले मामा वळून माझ्या कॅमेऱ्याकडे बघून हसले. काम फत्ते, असा अंगठा दाखवला. मग जाऊन स्कूटरवाल्याची पावती फाडली.

मी पडद्यावर ओरडत होते. "अडवा, मेल्यांनो, अडवा तिला!" पण कितीही ओरडलं तरी पडद्याला कान नसतात. आणि त्या माणसाचं तरी काय चुकलं? मी आजवर तो नंबर सांगितला तो सोडायलाच. त्याने माझं वाक्य पुरं ऐकावं, अशी सवय मी त्याला कधी लावलीच नव्हती.

शेजारच्या खुर्चीवर घुम्या बसतो. दिवसभर तोंडातून शब्द न काढणारा म्हणून हे नाव. सिग्नलचे दिवे त्याच्या हाताखाली असतात. साहेबांच्या परवानगीशिवाय ते बदलायचे नाहीत असा नियम आहे आणि घुम्या नियमाला पक्का. त्याच्या घरात गाडीच नाही, म्हणून असेल.

"घुम्या, दवाखान्याचा चौक लाल कर," मी म्हणाले. "धरून ठेव. सोडू नकोस."

त्याने माझ्याकडे बघितलं, मग पडद्याकडे.

"तो लाल दिव्याला थांबत नाही," घुम्या म्हणाला.

"तो नाही थांबत रे, पण बाकीचे थांबतात! त्याच्यापुढे सगळे थांबले की जाईल कुठे?"

साहेबांच्या केबिनचं दार बंद होतं. आत कुणीतरी पाहुणे होते, हसण्याचा आवाज येत होता. घुम्याने एकदा त्या दाराकडे पाहिलं, खुर्ची पुढे ओढली आणि दिवा लाल केला.

दवाखान्याच्या चौकात पहिली थांबली ती शाळेची बस. तिच्या शेजारी मालाचा ट्रक, मागे दोन दुचाक्या, मग एक म्हातारे गृहस्थ आपली जुनी गाडी घेऊन. ज्यांच्यासाठी कधी कुणी वरून फोन केला नसेल अशी ती सगळी माणसं, निमूट एकामागे एक उभी राहत गेली आणि रस्ता भरला. काळी गाडी कशीबशी कडेने निसटली. तिच्यामागे आमची वळणावरून आली तेव्हा पुढे जागाच नव्हती.

आवाज पडद्यातून येत नाही, हे बरं असतं. मी चाकांखालचा धूर बघितला, गाडीचं ढुंगण एका बाजूला फिरलेलं बघितलं, आणि ट्रकच्या मागे टेकता टेकता ती थांबली. खिडकीतली चिंगी दिसेनाशी झाली होती.

घुम्या काहीतरी म्हणत होता. मी जिन्यात होते.

दवाखान्याचा चौक आमच्या इमारतीच्या मागल्या गल्लीतून जवळ आहे. मी चपला हातात घेऊन धावले. आयुष्यात मी कधी देवाला त्रास दिला नाही, त्या गल्लीत मात्र दिला. हॉर्नचा नुसता कल्लोळ चालला होता. दुचाक्यांच्या मधून मी अंग चोरत गेले आणि गाडीचं दार उघडलं.

चिंगी सीटच्या खाली पायांच्या जागेत बसली होती. खालचा ओठ फाटलेला, पुढचा दात अर्धा गेलेला, गणवेशावर रक्त. समोरच्या फळीवर तोंड आपटलं होतं. मी तिला उचलून घेतलं आणि हात, पाय, डोकं, सगळं चाचपून पाहिलं. ती होती. धडधाकट होती. मला रडू फुटलं ते तेव्हा.

"वहिनी? तुम्ही इथे कशा?" भाऊजींचा चेहरा पांढराफटक पडला होता. "अहो, तो काळ्या गाडीवाला बघा ना, कट मारून गेला..."

"किल्ली द्या."

"मी थोडक्यात थांबवली हो, दुसरा कुणी असता तर..."

"भाऊजी, किल्ली द्या म्हणते ना!"

तोवर त्या चौकातला हवालदार आला होता. तरुण, हसतमुख, माझ्या ओळखीचा. त्याने गाडी पाहिली, मला पाहिलं आणि हातातल्या शिट्टीने बाजूला इशारा केला. "ताई, काळजी नको. मी मधला अडथळा सरकवतो, उलट्या बाजूने काढून देतो गाडी. या लोकांचं चालायचंच, वाजवू दे हॉर्न."

"याची पावती करा," मी म्हणाले.

"कुणाची?"

"याची. गाडीची. सिग्नल तोडले म्हणून, वेग म्हणून, फोन म्हणून, पोरीला पट्टा नाही म्हणून. जे जे बसेल ते सगळं लावा."

तो हसला. त्याला ती थट्टा वाटली. मग माझ्या खांद्यावरचं रक्ताने माखलेलं पोर बघून त्याचं हसू विरलं. त्याने मशीन काढलं, पण बटणावर अंगठा तसाच ठेवला.

"ताई," तो आवाज खाली आणून म्हणाला, "एकदा हे सुरू झालं, की मग आमचंही बघणार का तुम्ही वरून? म्हणजे आधी सांगा, त्या बेताने राहायला बरं."

मला त्याचा राग यायला हवा होता. आला नाही. त्याने सरळ हिशेबाची गोष्ट विचारली होती, आणि हा बाजार मीही त्याच्याइतकाच मांडला होता.

"बघणार," मी म्हणाले. "टाका नंबर."

"मालकाचं नाव?"

"माझंच. लावा दंड माझ्या नावावर."

"वहिनी, दादाला काय सांगू मी?" भाऊजी म्हणाले.

"सांगा, बायकोच्या डोक्यावर परिणाम झालाय. आणि घरी चालत जा."

त्यांनी किल्ली माझ्या हातावर ठेवली, ती मी गाडी कडेला लावायला हवालदाराकडे दिली. तोवर घुम्याने दिवा सोडला होता. बस निघाली, ट्रक निघाला. म्हाताऱ्या गृहस्थांनी जाता जाता काच खाली करून चिंगीकडे बघितलं आणि मान हलवली. मी तिला कडेवर घेऊन पादचाऱ्यांच्या पट्ट्यांपाशी आले. समोरच दवाखान्याचं दार होतं. तिच्या ओठातून अजून रक्त येत होतं, माझा रुमाल भिजला होता.

"अशी बाहेर का वाकली होतीस गं?" मी विचारलं. "घाबरली होतीस ना? मला बोलवत होतीस?"

"नाही गं," ती तोंड वेडंवाकडं करत म्हणाली. दात तुटल्याने शब्द सांडत होते. "मी तुला टाटा करत होते. कॅमेरा आला की मी रोज करते. नीट दिसावं म्हणून उभी राहते. काका म्हणतो, आई वरून बघतेय ना, मग आपल्याला काही होत नाही."

रोज. मी रोज त्या फोटोंवर बोट ठेवून पुढे जात होते आणि रोज माझी पोर त्या खिडकीतून मला हात करत होती. तोंडात मारावी तशी ती गोष्ट मला लागली. तिला छातीशी घट्ट धरून मी पट्ट्यांवर पाऊल टाकणार, तोच एक टेम्पो आमच्या अंगावरून वारा घालत गेला. पलीकडचा पादचाऱ्यांचा दिवा लाल होता.

"चल ना," चिंगी म्हणाली. "दुखतंय मला."

"लाल आहे, राणी."

"मग काय झालं? आपल्याला कुठे असतं लाल?" तिने मान उंचावून खांबावरचा कॅमेरा शोधला. "हात कर ना आई. घुम्याकाका करतील हिरवा."

घुम्या वरून बघत असणार, हे मला माहीत होतं. त्याने केलाही असता. माझ्या अंगावर पोरीचं रक्त होतं आणि माझा हात खरंच वर गेला होता. खांद्याच्याही वर.

तो मी खाली घेतला आणि रुमाल तिच्या ओठावर पुन्हा दाबून धरला.

"आपल्यालाही असतं," मी म्हणाले. चिंगी रडायला लागली. ओठ फाटला तेव्हाही रडली नव्हती. समोर दवाखान्याचं दार उघडं दिसत होतं, मधून गाड्या जात होत्या, आणि आम्ही दोघी तिथे उभ्या राहिलो.